मालकांच्या गाडीखाली

आमच्या नात्यात असं बोललं जातं की माझ्या भाचीच्या गळ्यात माझ्या जुन्या मालकांनी सडलेली गाडी मारली. लग्नात, बारशात, कुठंही गाडीचा विषय निघाला की कोणीतरी हे सांगतं आणि ऐकणारा मालकांना दोन शब्द लावतो. मी तिथंच बसलेला असतो. अलीकडं मी सांगायला लागलो आहे की मालकांना यातलं काही ठाऊक नव्हतं, ठाऊक होतं ते मला. लोक हसतात. "म्हातारा मालकावर पांघरूण घालतोय," म्हणतात, "जन्मभर त्यांच्यात राबला, आता वाईट कसं बोलंल?" म्हणून लिहायला बसलो. सगळं बारीकसारीक लिहितो, कारण यातलं पुष्कळसं गाडीखाली गेलेल्या माणसालाच माहीत असू शकतं.

मालकांचा सोलापुरात टॉवेलचं सूत रंगवायचा कारखाना होता आणि नव्या पेठेत दुकान. मी त्यांचा ड्रायव्हर. त्यांनी मंगळवेढ्याकडं थोडं काळं रान घेतलं होतं. पावसाळ्यात त्या रानात साधी गाडी चाकं गाडून बसायची, म्हणून त्यांनी चारही चाकांना जोर लागणारी डिझेलची गाडी घेतली. पुढं त्यांची रानाची हौस ओसरली आणि गाडी कारखान्याच्या कामाला लागली. सुतावर रंग पक्का बसायला मीठ लागतं, पोत्यांनी लागतं. ती पोती मागच्या भागात टाकून मीच आणायचो.

गाडी मी रोज धुवायचो. आमच्या गावात नळाला पाणी रोज येत नाही. येतं त्या दिवशी माणसं कामधंदा सोडून भांडी भरत बसतात. नळाच्या पाण्यानं गाडी धुणाऱ्याला शेजारी तोंडावर बोलतात. कारखान्यात मात्र पाणी वाहतच असायचं. रंगवलेलं सूत पुन्हा पुन्हा धुतात. पहिल्या धुव्याचं पाणी लालभडक किंवा निळं, शेवटच्या धुव्याचं जवळजवळ नितळ आणि कोमट. ते तसंच गटारात जायचं. मला ते बघवायचं नाही. मी त्यात पाइप सोडला आणि त्या पाण्यानं गाडी धुवायला लागलो. वरून, खालून, चाकांवरच्या कमानीत, चासीच्या म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्याच्या पोकळीत, सगळीकडं झोत मारायचो. मग वरची बाजू फडक्यानं लख्ख पुसायची. खालची बाजू आपोआप वाळायची. असं वर्षानुवर्षं चाललं. पाहुणे आले की मालक त्यांना गाडीपाशी आणायचे. "आमच्या ड्रायव्हरची गाडी बघा की," म्हणायचे, "लेकराला बी कोण एवढं न्हाऊ घालत न्हाय."

एकदा बार्शी रस्त्यावर मागचं डावं चाक पंक्चर झालं. जॅक लावून दांडा फिरवायला लागलो. जॅक वर चढत होता, पण गाडी उचलली जात नव्हती. वाकून पाहिलं तर जॅकचं डोकं वरच्या लोखंडात शिरलेलं. बाजूला गंजाचे पापुद्रे सुटून रस्त्यावर पडले होते. दुसऱ्या जागी जॅक लावून कसंतरी चाक बदललं आणि गाडी ओळखीच्या मिस्त्रीकडं नेली. तो खाली गेला आणि तिथूनच ओरडला, "काका, गाडी कोकणातनं आणली का?"

"न्हाय, सोलापूरचीच हाय."

"मग समुद्रात घातली व्हती का?"

मी हसलो. तो बाहेर आल्यावर मी खाली गेलो. मागच्या स्प्रिंगांच्या पाट्यांचं हँगर जिथं चासीला जोडलेलं असतं, तिथं लोखंड फुगून पदर सुटलेलं होतं. आतल्या पोकळीत मातीचा थर होता आणि त्यावर पांढरी साय धरलेली. बोटाला लागलेलं पांढरं मी जिभेला लावलं. खारट होतं. मिठाची पोती कधीतरी सांडली असतील, पण पोती काही चासीच्या आत सांडत नाहीत. ते पाणी मी मारलेलं होतं. पडल्या पडल्या सगळा हिशेब उलगडला. जे पाणी मला नितळ दिसत होतं त्यात सुतातून निघालेलं मीठ होतं, आणि ते मी रोज सकाळी, मोठ्या मायेनं, गाडीला पाजत होतो.

मिस्त्री म्हणाला, नुसतं वरून भागणार नाही, कापून नवं लोखंड जोडावं लागेल, मालकांना सांगा. मी म्हणालो, सांगतो. आणि दुसऱ्या दिवशी काळ्या अंडरकोटिंगचा डबा आणून खालून सगळीकडं जाड थर मारला. दिसायला एकदम नवीन. त्या दिवसापासून धुण्याचं पाणी बदललं. बोअरचं पाणी वापरायला लागलो. मालकांनी विचारलं, "का रे, ते कोमट पाणी चांगलं व्हतं की." मी म्हणालो, डाग पडतात.

मीटरचंही सांगतो. किलोमीटरचा मीटर बंद पडला तेव्हा त्याचा आकडा दोन लाखांच्या पुढं गेलेला होता. नवा मिळेना, म्हणून भंगार बाजारातून दुसऱ्या गाडीचा आणून बसवला. त्याच्यावर पन्नास हजारांच्या आसपास आकडा होता. मुद्दाम कमीचा शोधला नव्हता, मिळाला तो बसवला. मालक मागच्या सीटवर बसायचे, त्यांनी तो आकडा कधी पाहिलासुद्धा नाही. त्यात फसवणूक नव्हती. फसवणूक झाली ती गाडी विकायच्या दिवशी.

मी काम सोडलं. मालकांचा कारखानाही नंतर बंद झाला आणि गाडी त्यांच्या आवारात ताडपत्रीखाली उभी राहिली.

माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी जनावरांची डॉक्टर आहे. सांगोल्या-मंगळवेढ्याकडं मेंढपाळांच्या वाड्यांवर जाते. आधी मोटरसायकलवर जायची. एका पावसाळ्यात काळ्या मातीत मोटरसायकल घसरली, औषधांची पेटी चिखलात उपडी झाली आणि लस वाया गेली. तेव्हापासून तिनं धरलं की चारही चाकांना जोर लागणारी जुनी गाडी घ्यायची. गाडी बघायला अर्थात मामा. नात्यात कोणालाही जुनी गाडी घ्यायची असली की मला घेऊन जायचे. मी हो म्हटलं की व्यवहार व्हायचा.

पहिली गाडी आम्ही वैरागला पाहिली. मीटरचा आकडा फारच कमी होता. भाची खूश झाली. मी तिला ड्रायव्हरच्या बाजूला नेलं.

"मीटर कोणबी फिरवतं, पोरी. क्लच-ब्रेकच्या पायपट्ट्यांची रबरं बघ. रेघा दिसत्यात का?"

"न्हाईत. गुळगुळीत हायत."

"सीटची कड बघ. स्टेअरिंग किती चकाकतंय बघ. मीटरच्या काचेचे स्क्रू बघ, कुणी खोललेत का."

मग तिला दरवाजाच्या तळाशी रंगाला आलेले फोड दाखवले, पायातलं मॅट उचलून दाखवलं. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं चासी वाजवून दाखवली. धड लोखंड टण वाजतं, कुजलेलं भद वाजतं. तिला हे लगेच कळलं. "बकरीचं पोट आमी असंच वाजवून बघतो," म्हणाली, "फुगलंय का म्हणून." येताना गाडीत तिनं माझा स्क्रू ड्रायव्हर मागून घेतला आणि पर्समध्ये ठेवला.

महिनाभरानं बहीण म्हणाली, "आवो दादा, तुमच्या मालकांची गाडी तशीच उभी हाय म्हणं. ती का बघत न्हाय? तुमच्याच हातची हाय."

मी म्हणालो, जुनी झाली. भाची म्हणाली, "तुमी सांभाळलेली हाय, मग जुनी झाली तर काय झालं?" आणि तिनं तिथूनच मालकांना फोन लावला.

आम्ही गेलो तेव्हा मालकांनी ताडपत्री काढून ठेवली होती. ऊन पडलं होतं आणि गाडीचा रंग अजून तसाच होता. मालकांनी खुर्च्या मांडल्या, चहा सांगितला. "बाई, नीट बघून घ्या," ते तिला म्हणाले, "मला त्यातलं काय कळत न्हाय. लई दिवस उभी हाय. काय असंल तर आत्ताच सांगा, मागनं नको. तसा मामा हायच की तुमचा."

भाची आत बसली. मी बाहेर उभा होतो. तिनं मीटर पाहिला, मग मान खाली घातली. ती पायाकडं बघत होती.

"मामा."

"काय?"

"मीटर साठच हजार दावतोय. पण रबरं पार गुळगुळीत झाल्यात की."

मालक चहाची बशी हातात धरून उभे होते. हसून म्हणाले, "तुमचा मामा क्लचवरच पाय ठेवून झोपतो."

त्या वेळी मी सांगू शकलो असतो. मीटर बदललेला आहे, एवढंच वाक्य. त्यात लाज वाटण्यासारखं काही नव्हतंसुद्धा. पण मीटरचं सांगितलं की पुढचा प्रश्न येणार, मग अजून काय बदललंय. म्हणून मी म्हणालो, "नव्या पेठेतनं रोज जायचं म्हंजे काय, पोरी. माणसं, रिक्षा, हातगाड्या. मिनिटाला क्लच दाबायचा, मिनिटाला ब्रेक. गावातल्या गाडीची रबरं अशीच झिजत्यात."

तिला ते पटलं. नव्या पेठेतली गर्दी तिनं लहानपणापासून पाहिलेली होती. खोटं बोलताना ते खरं वाटेल असं कसं बोलावं, हे मला येतं, हे त्या दिवसापर्यंत मला माहीत नव्हतं.

ती उतरली, पर्समधून स्क्रू ड्रायव्हर काढला आणि गुडघ्यावर बसायला लागली.

"थांब, कपडे खराब होतील," मी म्हणालो, "मी जातो."

मालकांनी पोतं आणून अंथरलं. तिच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर घेऊन मी पाठीवर पडून आत सरकलो. वर माझाच काळा रंग. भाची बाहेर उकिडवी बसून मान तिरकी करून बघत होती. तिला माझे पाय आणि कमरेपर्यंतचं अंग दिसत असणार, माझे हात दिसत नसणार.

"वाजवा की मामा."

मी पुढच्या बाजूला वाजवलं. तिथं लोखंड धड होतं. टण.

"मागं?"

मागच्या ॲक्सलच्या मधल्या गोळ्यावर मारलं. ते भरीव ओतीव लोखंड, ते कसंही वाजवलं तरी टण वाजतं.

"डाव्या अंगाला? पाट्यापाशी?"

जॅक जिथं शिरला होता ती जागा माझ्या डोळ्यांपासून वीतभर लांब होती. काळ्या रंगाला तिथं पोट सुटलं होतं. बोट दाबलं असतं तर आत गेलं असतं. मी हात लांब करून चाकाच्या ॲक्सलवर मूठ मारली. टण.

"चांगलं वाजतंय," ती म्हणाली.

"व्हय."

बाहेर येताना तिनं हात देऊन मला उठवलं. पाठीवरची धूळ झटकली. मालक म्हणाले, "काय, हाय ना बरोबर?" मी म्हणालो, बरोबर आहे.

मी का बोललो नाही, याचं उत्तर मी बरेच दिवस मोठं करून सांगत होतो, स्वतःलाच. मालकांचा मान, बहिणीची इच्छा, भाचीची नड. खरं उत्तर लहान आहे. दोघं माझ्याकडं बघत होते आणि दोघांनाही वाटत होतं की ही गाडी मी जपली. ते त्यांना तसंच वाटत राहावं, असं मला वाटलं. शिवाय मनात एक पळवाट होतीच. पुढच्या आठवड्यात सर्व्हिसिंगच्या नावाखाली गाडी मागून घ्यायची आणि गुपचूप वेल्डिंग करून टाकायचं. तोवर काय होतंय.

गाडी घरी आली. बहिणीनं हळदकुंकू लावलं, चाकांखाली लिंबं ठेवली. आठवड्यानं मी गाडी मागितली. भाची म्हणाली, "मामा, आत्ताच तर घेतली. लशीचे दिवस हायत." पुन्हा मागितली. पुन्हा तेच. ती वाडीवर गेली की मी फोन घेऊन बसायचो. ती पोचल्यावर फोन करायची नाही, तिला कशाला सुचेल. मग मीच करायचो. "मामा, तुमी आजकाल लई काळजी करता," म्हणायची, आणि मागून मेंढरांचा आवाज यायचा. तो आवाज ऐकला की मला बरं वाटायचं, परतीचा रस्ता आठवेपर्यंत.

एका रविवारी गाडी मिळाली. नव्या मिस्त्रीकडं नेली. तो खाली जाऊन बघून आला, हात पुसले. मग म्हणाला, "हिची बॉडी चासीवरनं उचलून घ्यावी लागंल. पंधरा दिवस ठेवा. तोवर खड्ड्यात घालू नका, आन मागं वजन तर टाकूच नका." पंधरा दिवसांचं सर्व्हिसिंग तिला कसं सांगायचं? मी तेल बदललं, हवा भरली आणि संध्याकाळी गाडी तिच्या दारात लावली. किल्ली तिच्या हातात देताना म्हणालो, जरा हळू चालव. ती म्हणाली, हळूच चालवते.

परतीचा पाऊस झाला. एका सकाळी मी बहिणीकडं बसलो होतो आणि भाचीला फोन आला. मंगळवेढ्याच्या पलीकडं एका वाडीवर मेंढरं ओल्या कोवळ्या चाऱ्यात शिरली होती आणि फुगायला लागली होती. असं झालं की वेळ फार कमी असतो. ती पेटी, पिंप, सलाईनचे खोके मागं टाकायला लागली. मी म्हणालो, मी येतो. वाटेत सांगायचं, असं ठरवलं होतं. तास-दीड तासाचा रस्ता होता.

डांबरी रस्त्यावर ती एका मेंढपाळाशी फोनवर बोलत होती, स्पीकर चालू ठेवून, कुठलं मेंढरू किती फुगलंय, कुठलं आडवं झालंय. मी मागचा आवाज ऐकत होतो. डाव्या अंगाला खड्डा आला की लाकूड दाबल्यासारखा आवाज यायचा. फोन ठेवल्यावर तिलाही तो ऐकू आला.

"मामा, हा कसला आवाज?"

"पाट्याचा. जुन्या गाडीला येतो."

हे मी त्या दिवशी, तिच्या शेजारी बसून, तरीही बोललो.

रस्ता सुटला, काळी माती लागली. तिनं दांडा ओढून चारही चाकांत गाडी घातली आणि चिखल कापत निघाली. तोंडावर हसू होतं. "आता बघा, मोटरसायकलवर हितंच पडले व्हते," म्हणाली. पुढं ओढा. पाणी थोडंच होतं, पण पलीकडची चढण उभी होती.

"हितं थांबव," मी म्हणालो.

"का?"

"चालत जाऊ."

"पेटी, पिंप घेऊन चालत? वाडी अजून लांब हाय, मामा. आन ह्याच्यासाठीच तर गाडी घेतली की."

"पोरी, थांबव म्हणतो ना."

तिनं गाडी थांबवली. माझ्याकडं वळून बघितलं. इंजिन चालू होतं. "कारण सांगा," म्हणाली.

माझ्या तोंडात शब्द होते. चासी कुजलेली आहे, मी बघितलेली आहे, मी झाकलेली आहे. तिचा फोन पुन्हा वाजला. तिनं तो घेतला नाही, माझ्याकडं बघत राहिली.

"ओढ्याला पाणी हाय," मी म्हणालो.

तिनं काचेतून पाहिलं. "घोट्याएवढं हाय," म्हणाली आणि गाडी घातली.

पाणी सहज पार झालं. चढणीवर पुढची चाकं वर गेली, सगळं वजन मागं आलं, मागच्या चाकांनी माती पकडली आणि मोठी फांदी मोडावी तसा आवाज झाला. डावी बाजू एकदम बसली. गाडी आडवी फिरली आणि काठाला आदळून उजवीकडं कलली. मी वरच्या अंगाला, ती खालच्या. तिचा खांदा दरवाजाच्या खांबावर आपटलेला मला दिसला. माती गळत होती, इंजिन बंद पडलं होतं.

ती पहिल्यांदा बोलली ती असं, "मामा, तुमाला लागलं का?"

मला काही लागलं नव्हतं. तिचं गळ्याजवळचं हाड मोडलं होतं.

वाडीवरची माणसं पळत आली. तिनं उतरून आधी पेटी काढायला लावली. उजवा हात छातीशी धरून ती चालत वर गेली आणि सुई कुठं टोचायची, वारा कसा सोडायचा हे मेंढपाळांच्या हातून करून घेतलं. काही मेंढरं गेली, बरीच वाचली. मी गाडीपाशीच बसून होतो. एक म्हातारा मेंढपाळ खाली वाकला, मोडलेल्या जागेत हात घालून त्यानं मूठभर लोखंड बाहेर काढलं. त्याच्या बोटांत ते चुरलं.

"ह्ये लोखंड हाय का ढेकूळ?" तो म्हणाला. भाची तेव्हा परत येत होती. तिला त्यानं विचारलं, "बाई, कुणी गळ्यात मारली ही तुमच्या?"

तिनं मालकांचं सांगितलं. मामाच्या जुन्या मालकांची, म्हणाली. मग माझ्याकडं बघून हळू आवाजात, "त्यांनी खालनं रंग मारून दिली असंल, मामा. तुमाला कसं दिसणार." गोष्ट सुरू झाली ती तिथं, त्या ओढ्याकाठी. आम्हाला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून डांबरी रस्त्यावर आणलं, तोवर ती ट्रॅक्टरवाल्यालाही कळली होती. मी ऐकत होतो.

भाचीला दवाखान्यातून सुटी झाल्यावर मालक तिला भेटायला घरी आले. माझ्या बहिणीनं त्यांना बसा म्हटलं नाही. "तुमच्या नावाकडं बघून घेतली आमी गाडी," म्हणाली. "माझी एकुलती एक हाय."

"ताई, खरंच मला म्हाईत न्हवतं."

"तुमची गाडी, आन तुमालाच म्हाईत न्हाई?"

त्यांनी गाडी परत घेतली, सगळे पैसे परत केले आणि दवाखान्याच्या खर्चाचं विचारलं. बहिणीनं नको म्हटलं. मी त्यांना सोडायला बाहेर गेलो. गेटपाशी ते थांबले.

"तू खालनं बघितलं व्हतंस न्हवं?"

"व्हय."

"दिसलं नसंल." ते माझ्या डोळ्यांकडं बघत होते. "आपलं वय झालं रे आता."

मी म्हणालो, "व्हय मालक. वय झालं."

बाकी सगळ्या खोट्याला भीतीचं, लाजेचं काहीतरी कारण होतं. या एका खोट्याला नव्हतं. त्यांनी मला लपायला जागा दिली आणि मी लपलो, एवढंच. ते रिक्षात बसून गेले.

पुढं भाची गळ्यात झोळी बांधून घरात बसली होती आणि मी रोज जात होतो. एक दिवस तिनं मोबाइलवर मला दुसऱ्या गाडीचे फोटो दाखवले. पंढरपूरकडची होती. "हाड जुळलं की बघायला जाऊ," म्हणाली. "ह्या वेळेला दुपारच्या उजेडात बघू. त्या दिवशी खाली अंधार व्हता, आई उगाच तुमाला बोलते." बहीण आत भाकरी करत होती, तव्याचा आवाज येत होता.

मी तिला सांगितलं. कोमट पाण्यापासून सुरू केलं. जॅक, पांढरी साय, काळा रंग, मीटर, ॲक्सलवर मारलेली मूठ, दुसरा मिस्त्री, त्यानं सांगितलेले पंधरा दिवस. मोबाइल तिच्या मांडीवर तसाच होता.

"रबरं बघून मी विचारलं व्हतं," ती शेवटी म्हणाली.

"व्हय."

"आन ओढ्यापाशी गाडी थांबवली व्हती मी. कारण सांगा म्हणाले."

"व्हय."

"सांगितलं असतं तर मी चालत गेले असते, मामा."

तव्याचा आवाज थांबला होता. बहीण दारात उभी होती, तिनं किती ऐकलं ते कळलं नाही. भाची उठली, डाव्या हातानं चपला घातल्या. "चला," म्हणाली. "कुटं?" मी विचारलं. "मालकांकडं. मी त्यांना ओढ्यापासनं शिव्या देतेय."

मालकांच्या ओसरीवर मी पुन्हा सगळं सांगितलं. भाची खांबाला टेकून उभी होती. मालक ऐकताना एकदाच हलले, खारट पाण्याचं सांगितलं तेव्हा. मला वाटलं, आता गाडी खराब केल्याबद्दल बोलतील. ते म्हणाले, "जॅक आत गेला त्या दिवशी सांगायला काय झालं व्हतं? मी तुला कामावरनं काढलं असतं?"

"न्हाय मालक."

"मग?"

पाहुण्यांपुढं तुम्ही माझं जे कौतुक करायचा ते मला सोडवलं नाही, हे त्या वयात, त्या ओसरीवर, भाचीसमोर कसं म्हणायचं. आता इथं लिहिलं.

"आता हे तुझ्या लोकांना कोण सांगणार?" त्यांनी विचारलं. "माझ्या दारावरनं जाताना माना फिरवतात."

मी म्हणालो, मी सांगतो. ते उठून आत गेले. चहा सांगितला नाही.

सांगतो आहे तेव्हापासून. बहिणीला सांगितलं, ती अजून माझ्याशी कामापुरतं बोलते. मेहुण्यांना सांगितलं, चुलतभावांना सांगितलं. बहिणीनं विश्वास ठेवला, बाकीच्यांनी नाही. भाची कोणापाशी त्याबद्दल बोलत नाही, ना माझ्या बाजूनं, ना विरुद्ध. म्हणून लोकांना वाटतं की म्हाताऱ्याचं बोलणं म्हणजे जुनं इमान. इमान असतं तर मी त्या पोत्यावर पडल्या पडल्या खरं बोललो असतो. मालकांनी मला किंवा भाचीला फसवलं नाही. त्यांनी आधीच सांगितलं होतं, नीट बघून घ्या. हे ज्याला वाचता येतं त्यानं वाचावं आणि त्यांच्या दारावरून जाताना मान फिरवू नये.

भाचीनं नंतर गाडी घेतली. पंढरपूरची नव्हे, दुसरीच. बघायला ती कोणाला घेऊन गेली मला माहीत नाही, मी विचारलं नाही. घेतल्यावर दाखवायला मात्र आणली, आमच्या गल्लीत उभी केली आणि हॉर्न वाजवला. मी खाली उतरलो. रंग ठिकठिकाणी उडालेला होता, दरवाजाला पोचे होते, काच जुनी होती. मी सवयीनं मागच्या चाकापाशी गेलो, हात जमिनीवर टेकून वाकायला लागलो.

"मामा, राहू द्या," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "मी बघितलंय खालनं."

मी उभा राहिलो, हात झटकले. तिनं विचारलं, कुठं सोडू का तुमाला. मी म्हणालो, नको, मला कुठं जायचं नाही. ती गेली. वळणावर मागची चाकं दिसेनाशी होईपर्यंत मी रस्त्यात उभा होतो.